बायोप्सीने कर्करोग पसरतो का?

बायोप्सीसाठी, म्हणजे तपासायला ऊतीचा तुकडा काढण्यासाठी, गाठीला सुई लावली की कर्करोग अंगभर पसरतो, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत, पण ती फार विरळ. आणि वृषणाच्या गाठीसारख्या ठिकाणी हा धोका ओळखूनच डॉक्टर सुई टाळतात. भीतीपोटी तपासणी लांबवली, तर घातक गाठ मात्र वाढतच राहते. शिवाय स्तनाच्या दोन गाठी सोनोग्राफीत सारख्या दिसल्या, तरी ऊतीच्या पातळ कापावर पेशींची ठेवण, विभाजनाचे प्रमाण आणि ईआर, पीआर (पेशीतील हार्मोन पकडणारी प्रथिने) आणि हर-२ (पेशींच्या वाढीला चालना देणारे प्रथिन) यांच्या नोंदी पाहिल्यावरच त्यांचे उपप्रकार ठरतात, आणि हार्मोनरोधक गोळ्या उपयोगी पडतील का, आजार उलटण्याचा संभव किती, याचा अंदाज बांधता येतो. पडताळायचे असेल, तर त्या अवयवात सुईचा धोका किती आणि अहवालातील ‘ग्रेड’वर (पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात याच्या श्रेणीवर) उपचाराचा कोणता निर्णय बेतला आहे, हे डॉक्टरांना थेट विचारावे.