पत्रा गळतोय, की पत्र्याला दव सुटलंय?

परसात स्वतःच्या हातांनी शेड उभी केली, वर पत्रे चढवले, रंधे-पटाशा भिंतीवर लागल्या, आणि एका सकाळी दार उघडलं तर बाकावर पाणी. अशा वेळी तोंडून पहिलं वाक्य निघतं ते "पत्रा गळतोय" हेच. मग शिडी लागते, सिलिकॉनची नळी येते आणि दिसेल ती फट बुजवली जाते. पुष्कळदा त्यानंतर पाणी कमी व्हायचं सोडून वाढतं.

याचं कारण असं की पत्र्यावरून टपकणारं पाणी दोन अगदी निराळ्या वाटांनी येतं. बाहेरचं पाणी भोकातून किंवा सांध्यातून आत शिरलं तर ती गळती. आतल्या हवेतलीच वाफ गार पत्र्याला लागून पाणी झाली तर ते दव. थेंब दिसायला सारखाच असतो, पण गळतीला वाट बंद करावी लागते आणि दवाला बहुतेक वेळा वाट मोकळी करून द्यावी लागते. उपाय असे एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे निदान चुकलं की आगीतून फुफाट्यात जायला वेळ लागत नाही.

आपली भाषाही इथे जरा चकवते. आपण ‘दव पडलं’ म्हणतो, जणू ते आभाळातून उतरलं. १८१४ साली विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरने या कोड्याचा छडा लावला. लोकरीचे छोटे पुंजके रात्री उघड्यावर ठेवायचे आणि सकाळी त्यांचं वजन करायचं, असे त्याचे प्रयोग होते. मोकळ्या आकाशाखाली वस्तू आपली उष्णता वर सोडत राहतात, भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात आणि हवेतली वाफ त्यांच्यावर जमते, हे त्याने दाखवलं. शेडच्या पत्र्याला हे तंतोतंत लागू पडतं. पत्रा पातळ, त्यात उष्णतेचा साठा जवळपास नाहीच, आणि रात्रभर तोंड आकाशाकडे. निरभ्र रात्री तो बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश खाली जातो. ढगाळ रात्री मात्र ढग त्याला थोडी ऊब परत देतात, म्हणून सहसा तेव्हा दव कमी.

माझ्या शेडमध्ये हे ओळखायला मला एक पूर्ण हिवाळा लागला. मी सगळ्या पन्हळींची तोंडं फोमने बंद केली होती, स्क्रूंच्या डोक्यांवर सिलिकॉन चढवलं होतं, आणि तरी पहाटे बाकावर ओल असायची. शेवटी एकदा उजाडायच्या आत टॉर्च घेऊन गेलो आणि प्रकाश पत्र्याच्या पोटाला तिरपा लावला. टाचणीच्या डोक्याएवढे हजारो थेंब एकसारखे पसरले होते. बोट फिरवलं तिथे स्वच्छ पट्टा उमटला आणि थेंब एकमेकांत मिसळून खाली ओघळले. पत्रा जिथे पर्लिनवर, म्हणजे त्याला खालून आधार देणाऱ्या आडव्या वाशावर, टेकला होता तिथे मात्र दोन बोटं रुंदीची पट्टी जवळपास कोरडी होती, कारण पर्लिनच्या उबेने तेवढा भाग कमी गार झाला होता. भोकातून आलेलं पाणी असं मांडून बसत नाही. ते एका जागेवरून सुरू होतं आणि उताराने एक रेघ धरतं.

वेळही बरंच सांगून जाते. गळती पावसाशी बांधलेली असते, कधी लगेच, कधी पाणी पर्लिनवरून सरकत यायला लागतो तेवढ्या वेळाने. दव पाऊस नसताना, गार निरभ्र रात्रीनंतर येतं. फसवणारी गोष्ट अशी की रात्रभर पत्र्याला चिकटून राहिलेले थेंब कोवळं ऊन पत्र्यावर आलं की सुटतात आणि टपटप सुरू होते. गोठवणाऱ्या थंडीत तर आतून हिमाचा थर साचतो आणि तो वितळला की आत पाऊस पडल्यासारखं वाटतं. आभाळ कोरडं, शेड ओली!

हत्यारांचा गंजही साक्ष देतो. गळतीचा गंज म्हणजे एक गोल डाग किंवा एक ओघळ, नेहमी त्याच जागी. दवट हवेचा गंज सगळीकडे पातळ धुरकट पसरतो आणि जड बिडाच्या वस्तूंवर आधी दिसतो: करवतीच्या यंत्राचं टेबल, व्हाइस, रंध्याचा तळ. रात्रभर गारठलेलं बीड सकाळी लवकर तापत नाही. दार उघडून उबदार दमट हवा आत आली की त्याला घाम फुटतो, वरून एक थेंब न पडताही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर राहिली की लोखंड भराभर गंजू लागतं.

तरी शंका उरली तर पत्र्याचा संशयित भाग आतून पुसून पूर्ण कोरडा करायचा आणि वीतभर प्लास्टिक चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवायचं. पाणी प्लास्टिक आणि पत्रा यांच्यामध्ये साचलं तर ते वरून येतंय. प्लास्टिकच्या तुमच्या बाजूच्या अंगावर थेंब आले तर ते हवेतून येतंय. गळतीची नेमकी जागा शोधायला पाण्याचा पाइप वापरायचा, पण सुरुवात वळचणीपासून करायची आणि टप्प्याटप्प्याने मोभाकडे चढायचं. दर टप्प्यावर काही मिनिटं थांबायचं आणि आत एक माणूस उभा ठेवायचा. वरून सुरू केलं तर सगळा पत्रा भिजतो आणि कुठून शिरलं ते कधीच कळत नाही.

गळती निघालीच तर ती बहुधा स्क्रूपाशी असते. रबरी वॉशर घातलेला स्क्रू कमी आवळला तर पाणी शिरतं, आणि जास्त आवळला तर वॉशर चेपून बाजूला फुगतो, चिरतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत दगा देतो. वॉशर नुसता बसलेला, किंचित दबलेला हवा, आणि स्क्रू पत्र्याला काटकोनात. भोक सैल झालं असेल तर पुढच्या जाडीचा स्क्रू नव्या वॉशरसह घालावा. उतार कमी असेल तर ओव्हरलॅपमधून पाणी उलटं वरही चढतं, दोन पत्र्यांमधली बारीक फट ते ओढून घेते. तिथे ब्यूटाइल टेपची, म्हणजे मऊ चिकट रबराची, पट्टी लावावी. आतून सिलिकॉन फासणं मला अजिबात मान्य नाही. पाणी तरी शिरतंच, फक्त बाहेर पडायची जागा जाते आणि पत्रा सांध्यातून सडतो.

दवाच्या बाबतीत आधी हिशेब करावा. २० अंश सेल्सिअसची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ धरते, १० अंशांची ९ ग्रॅमच्या आसपास. ३ बाय ४ मीटरची, अडीच मीटर उंचीची शेड म्हणजे ३० घनमीटर हवा. ती वाफेने पूर्ण भरलेली असून २० वरून १० अंशांवर आली तरी साधारण पाव लिटर पाणी सुटेल, पेलाभर. बादली भरत असेल तर वाफेचा पुरवठा कुठून तरी चालू आहे. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण म्हणतो, ते इथे शब्दशः खरं असतं: कोब्यात. जमिनीची ओल काँक्रीटमधून वर चढते आणि नवीन कोबा तर कित्येक महिने वाळतच असतो. ओलं लाकूड आत रचलं असेल तर तेही वाफ सोडतं. आणि धुराड्याविना गॅसचा हीटर लावत असाल तर १ किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी हवेत जातं. माझ्या मते दव सुटणाऱ्या शेडमध्ये आधी बंद करायची गोष्ट हाच हीटर. बंद खोलीत त्याने विषारी वायूचा धोका असतो तो वेगळाच.

मग हवेला वाट. वळचणीखालून आत आणि मोभाजवळून बाहेर, अशी दोन्ही टोकं उघडी हवीत. एकच खिडकी उघडून भागत नाही. पन्हळींची तोंडं बुजवली असतील तर ती मोकळी करून जाळी लावावी, म्हणजे उंदीर-किडेही बाहेर राहतात. पण मोकळ्या हवेचीही मर्यादा आहे. बाहेरची हवाच दमट असेल आणि पत्रा तिच्याहून गार झाला असेल, तर पूर्ण उघड्या शेडच्या पत्र्यालाही आतून दव येतं. अशा ठिकाणी पत्र्याच्या पोटाला लोकरीसारखं अस्तर असलेले पत्रे मिळतात. ते रात्री पाणी धरून ठेवतं आणि दिवसा परत हवेत सोडतं. दुसरा मार्ग फोमच्या पाट्यांचा. त्या लावताना सांधे टेपने इतके घट्ट बंद करावे लागतात की आतली हवा पत्र्यापर्यंत पोचूच नये. पोचली तर दव पाट्यांच्या मागे जमतं, दिसत नाही, आणि लाकडी वासे आतून कुजू लागतात.

म्हणून शेड नवीन असेल तर फोम किंवा प्लाय लावायच्या आधी एक दणकून पाऊस जाऊ द्यावा, नाहीतर पाइपची चाचणी उरकून घ्यावी. एकदा आतून झाकलं की गळतीचं पाणी फोमच्या मागून तीन-चार हात लांब जाऊन टपकतं आणि मग गळती कोणती, दव कोणतं, हे सगळं खोलल्याशिवाय कळत नाही. कोब्याची चाचणीही त्याच दिवसांत करता येते: हातभर लांब-रुंद प्लास्टिक जमिनीवर चारही बाजूंनी चिकटवायचं आणि किमान १६ तास तसंच ठेवायचं. उचलल्यावर खालून ओलं निघालं, किंवा काँक्रीट काळपट झालेलं दिसलं, तर ओल जमिनीतून येतेय. कोबा अजून ओतायचाच असेल तर त्याखाली जाड प्लास्टिक अंथरण्याची संधी तेव्हाच असते.