कॉफीचं दळण : घराबाहेर गेलेलं आणि परत आलेलं

कॉफीचा ग्राइंडर पहिल्यांदा उघडून पाहिला की आत जे दिसतं ते आपल्याला अजिबात नवं नसतं. पोलादाच्या दोन चकत्या समोरासमोर, दोन्हींवर मधून कडेकडे जाणारे तिरके खाचे. एक चकती जागेवर, दुसरी फिरती. बिया मधून आत पडतात आणि भरडत भरडत कडेला येतात. सरळ सांगायचं तर हे जातं आहे. खुंट्याच्या जागी मोटर आली, आणि मुठीमुठीने दाणे वैरायचं काम वरच्या डब्याने घेतलं, एवढंच.

जातं म्हटलं की टाकी आलीच. दगड गुळगुळीत झाला की जातं दळेनासं होतं, पीठ तापतं, आणि मग छिन्नीने दगड पुन्हा खडबडीत करायला टाकीवाल्याला बोलवावं लागतं. कॉफीचा ग्राइंडर घेतलेला माणूस दोन-तीन महिन्यांत नेमक्या याच प्रश्नाशी येतो: याची निगा कशी राखायची? प्रश्न जुनाच आहे. मधली शंभरेक वर्षं तो विचारायची गरज पडली नाही, कारण दळणच घराबाहेर गेलं होतं.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर इस्तंबूलमध्ये कॉफीघरं सुरू झाली, तेव्हा घरोघरी कॉफी यायची ती हिरव्या बियांच्या रूपात. त्या तव्यावर भाजायच्या आणि खलात कुटायच्या किंवा पितळी हातचक्कीत दळायच्या. ही चक्की म्हणजे एक उभी नळी: वरच्या भागात बिया, खालच्या भागात पूड, डोक्यावर दांडा. तुर्की कॉफी गाळत नाहीत, गाळ कपातच बसतो, म्हणून पूड मैद्यासारखी लागते आणि अरुंद चक्कीत दळायला हात भरून येतो. १८७१ साली मेहमेत एफेंदी या दुकानदाराने वडिलांचं मसाल्याचं आणि कच्च्या कॉफीचं दुकान हाती घेतलं आणि भाजून दळलेली तयार पूड विकायला सुरुवात केली. हे दुकान आजही चालू आहे. लोकांचा हात दुखायचा थांबला, हे त्यामागचं साधं कारण असावं.

युरोपात चक्कीला पेटीचं रूप आलं. खाली लाकडी खोकं, त्यात पूड पडायला खण, वर लोखंडी वाटी आणि दांडा. पेटी दोन गुडघ्यांत धरून दळायचं. इंग्लंडमध्ये रिचर्ड डिअरमन याला १७७९ साली कॉफीच्या चक्क्या बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं, अमेरिकेत थॉमस ब्रफ याला १७९८ साली. पण मला सगळ्यात गंमत वाटते ती पेजो या फ्रेंच घराण्याची. या कुटुंबाची मुळात धान्याची चक्की होती. १८१० साली भावांनी तिचा पोलादाचा कारखाना केला, करवतीची पाती बनवली, आणि १८४० मध्ये कॉफीची चक्की बाजारात आणली. मिरपुडीची चक्की १८७४ ची. मोटारगाड्या त्यानंतरच्या. म्हणजे रस्त्यावर सिंहाचं चिन्ह मिरवणारी ती गाडी नात्याने कॉफीच्या चक्कीची धाकटी बहीण लागते.

दळण घराबाहेर नेण्याचा मोठा हात अमेरिकेचा. तिथल्या यादवी युद्धानंतर आर्बकल बंधूंनी भाजलेल्या बिया कागदी पुड्यांतून विकायला काढल्या. या बिया अजून घरी किंवा तळावर दळाव्या लागत. प्रत्येक पुड्यात पेपरमिंटची एक कांडी असे, आणि गुराखी ती चक्की फिरवणाऱ्याला देत असत. लाच म्हणा किंवा मजुरी. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स ब्रदर्सनी हवा काढून बंद केलेल्या डब्यात कॉफी भरली. दळलेली पूड टिकू लागली, तशी चक्की माळ्यावर गेली. १९३८ मध्ये नेसकॅफे आली, आणि गाळही गेला.

मुंबईतही याच सुमाराला हेच घडत होतं. १८८८ साली पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी मुलाने कॉफी भाजून दळून विकायचं छोटं दुकान काढलं. दुकानाला इंग्रजी वाटावं असं नाव दिलं: पॉल्सन. हो, तेच. पुढे लोण्याने इतकं नाव काढलं की ‘पॉल्सन लावणं’ म्हणजे खुशामत असा वाक्प्रचार पडला, आणि कॉफी मागे राहिली. पण सुरुवात कॉफीच्या दळणाची होती. पॉल्सनच्या कॉफीत चिकोरीही, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूडही असे.

बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्याची कथा सगळ्यांना माहीत आहे. तिच्याइतकंच दक्षिणेतल्या घरांमधलं रोजचं दळण महत्त्वाचं, पण त्याच्याबद्दल कोणी कथा रचली नाही. बिया घरी भाजायच्या आणि टेबलाच्या कडेला आवळलेल्या बिडाच्या हातचक्कीत रोजच्यापुरत्या दळायच्या, ही तिथली रीत. माटुंग्यात ही चव आली, तेव्हा दळायचं काम दुकानदाराने घेतलं: समोर दळून, चिकोरीचं प्रमाण विचारून. मराठी घरात बियांशी ओळखच कमी. आपली कॉफी म्हणजे डब्यातली पूड, दूध, साखर आणि किसणीवर किसलेलं जायफळ. मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हे सुद्धा आपल्यातल्या बऱ्याच जणांना तिथे गेल्यावरच कळतं.

मधल्या काळात घरात एक यंत्र आलं खरं, पण चुकीचं. १९५६ साली फ्रान्समध्ये मुलिनेक्सने विजेवर चालणारा स्वस्त ग्राइंडर काढला. त्यात चकत्या नव्हत्या, गरगर फिरणारं पातं होतं. आपल्याकडे १९६३ पासून सुमीतचा मिक्सर आला. कॉफीच्या बिया मिळाल्याच तर त्या चटणीच्या भांड्यात गेल्या, आदल्या दिवशीच्या लसणीच्या वासासकट. पातं दळत नाही, ते तोडतं. त्यामुळे एकाच भांड्यात मैदाही असतो आणि लापशी रवाही. मैद्यातून कडवटपणा लवकर उतरतो, रव्यातून आंबट पाणी येतं, आणि दोन्ही एकाच कपात मिळतात. चकत्यांमधलं अंतर ठरलेलं असल्यामुळे त्यातून कण साधारण एका मापाचे पडतात. जात्यावर दळलेल्या आणि मिक्सरमध्ये काढलेल्या पिठातला फरक ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

इटलीत माझेर १९४८ पासून उपाहारगृहांसाठी चकत्यांचे ग्राइंडर बनवत होती. तसं यंत्र घरच्या ओट्यावर परवडू लागलं ते बऱ्याच नंतर. अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेल्या बरात्झाने एक वेगळी गोष्ट केली: सुटे भाग विकले आणि यंत्र घरी उघडून दुरुस्त करा असं सांगितलं. भारतात २०१३ च्या सुमारास ब्लू टोकाईसारख्या कंपन्या पुड्यावर भाजल्याची तारीख छापू लागल्या. ताज्या बिया हाती आल्या, की दळणही घरी येणार, आणि त्यामागोमाग निगा.

इथे जात्याची उपमा जरा लंगडते. रोजचे दोन कप, कपाला १५ ते १८ ग्रॅम धरले, तर वर्षाला ११ ते १३ किलो कॉफी दळली जाते. चांगल्या पोलादी चकत्यांचं आयुष्य शेकड्यांनी किलोत मोजतात. म्हणजे घरात चकती झिजायच्या आधी घरातली माणसं कंटाळतील. घरच्या यंत्राला मारतं ते बियांचं तेल. काळपट भाजलेल्या बिया तेल सोडतात, ते खाचांत पुडीसोबत बसतं आणि खवट होतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात याचा लगदा होतो. महिन्यातून एकदा उघडून कोरड्या ब्रशने झाडणं पुरतं. पोलादाला पाणी लावू नये, गंज धरतो. कच्चे तांदूळ दळून साफ करायचा सल्ला घरोघरी फिरतो, पण तो मी तरी पाळत नाही. तांदूळ भाजलेल्या बीपेक्षा कडक, लहान मोटरवर त्याचा ताण येतो, आणि पिठी आत राहते ती वेगळीच. खरी भीती खड्याची. अंगणात वाळवलेल्या बियांत एखादा खडा येतोच, म्हणून तांदूळ निवडावेत तशी मूठभर कॉफी ताटलीत निवडून घ्यावी.

पूड उडून सगळीकडे चिकटते, त्यावरही जुना उपाय आहे: दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब. हौशी मंडळी हे २००५ पासून करत होती. २०२३ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी आणि ज्वालामुखीच्या राखेतली वीज मोजणाऱ्या संशोधकांनी मिळून दाखवलं, की पाण्याने स्थिर विद्युत खरोखरच कमी होते आणि गुठळ्याही होत नाहीत.

उघडताना एकच खबरदारी: चकती काढण्याआधी तिच्या आणि तिला धरणाऱ्या कड्याच्या कडेवर पेनाने एक रेघ ओढून ठेवावी, आणि स्क्रूचे आटे उलटे आहेत का ते पाहावं. काही यंत्रांत ते उजवीकडे फिरवून सुटतात, आणि आपण नेहमीच्या सवयीने डावीकडे जोर लावत बसतो.