नाताळच्या खर्चासाठी ‘रेग्युलर सेव्हर’: ब्रिटनमध्ये खातं कोणाला मिळतं, काय लागतं आणि कधी उघडायचं

ब्रिटनमधल्या बँका आणि बिल्डिंग सोसायट्या (घरांच्या सोसायट्या नव्हेत, तर ठेवी घेणाऱ्या आणि गृहकर्ज देणाऱ्या, सभासदांच्या मालकीच्या संस्था) ‘रेग्युलर सेव्हर’ नावाचं खातं देतात. आपल्या आरडीचाच हा चुलतभाऊ: दर महिन्याला थोडी रक्कम भरायची, मुदत बहुधा बारा महिन्यांची, आणि व्याजदर साध्या बचत खात्यापेक्षा चढा. नाताळच्या खर्चाची तरतूद करायला हे खातं सोयीचं आहे, फक्त ते ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडायला हवं, म्हणजे पुढच्या नाताळाआधी पूर्ण होतं.

अनेकांना त्याची आठवण होते जानेवारीत. डिसेंबरचा पगार बऱ्याच ठिकाणी नाताळाआधीच होतो, तो भेटवस्तूंत आणि जेवणावळींत जातो, आणि पुढचा पगार येईपर्यंत पाच-सहा आठवडे ओढाताण होते. मग यंदा आधीपासून साठवायचं असं ठरतं आणि खातं उघडलं जातं. पण ते पूर्ण होतं पुढच्या जानेवारीत, म्हणजे पैसे हातात येतात ते सण आटोपल्यावर! जानेवारीतच सुरुवात करायची असेल तर मधेच पैसे काढू देणारं खातं निवडा. काही बँका वर्षातून मोजक्या वेळा काढू देतात, काही काढले की व्याजदर उतरवतात, तर काही थेट खातंच बंद करून साध्या दराने व्याज देतात. अर्जाआधी ‘समरी बॉक्स’ नावाचा तक्ता दाखवला जातो, त्यात हे लिहिलेलं असतं. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, तेवढा तक्ता वाचा.

डिसेंबरमध्ये भारतात जायचं असेल तर तिकिटं उन्हाळ्यातच काढावी लागतात. त्या खर्चासाठी पैसे अडकवणारं खातं उपयोगाचं नाही.

पात्रता

सर्वसाधारण अटी अशा: तुम्ही ब्रिटनचे रहिवासी हवेत, वय १६ किंवा १८ च्या पुढे (हे बँकेवर अवलंबून), आणि एका व्यक्तीला त्या प्रकारचं एकच खातं. ते बहुधा एकाच नावावर उघडतं, पण नवरा-बायको दोघं आपापलं वेगळं खातं उघडू शकतात. चांगल्या दराची बरीच खाती फक्त त्या बँकेत करंट अकाउंट (इथे ते पगाराचं, रोजच्या व्यवहाराचं खातं) असलेल्यांनाच मिळतात, त्यामुळे आधी आपल्याच बँकेच्या ॲपमध्ये बघा.

व्हिसावर असलेल्यांना एक शंका हमखास येते. व्हिसावर ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ (सरकारी आर्थिक लाभ घेता येणार नाहीत) लिहिलेलं असलं तरी हे खातं उघडता येतं, कारण हा सरकारी लाभ नाही, तुमचेच पैसे आहेत. ‘हेल्प टु सेव्ह’ ही सरकारी योजना मात्र वेगळी. ती युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारा सरकारी भत्ता) घेणाऱ्या नोकरदारांसाठी आहे, त्यामुळे असा शिक्का असलेल्यांना ती साधारणतः मिळत नाही. तिच्यात महिन्याला १ ते ५० पौंड भरता येतात आणि दोन वर्षांनी, मग चार वर्षांनी ५० टक्के बोनस मिळतो. योजना उत्तमच, पण दर नाताळला पैसे काढत राहिलात तर दुसरा बोनस हातचा जातो. ती सणासाठी वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कागदपत्रं आणि अर्ज

त्याच बँकेचे ग्राहक असाल तर बहुधा एकही कागद लागत नाही. ॲपमध्ये खातं निवडायचं, महिन्याची रक्कम टाकायची, अटी मान्य करायच्या, की झालं.

नव्या बँकेत जात असाल तर ओळखीसाठी पासपोर्ट किंवा ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स द्या. जुन्या बीआरपी कार्डावर (व्हिसाधारकांचं निवास परवान्याचं कार्ड) विसंबू नका, त्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतच होती. पत्त्यासाठी काउन्सिल टॅक्सचं (घरासाठीच्या स्थानिक कराचं) बिल, वीज-गॅसचं बिल किंवा दुसऱ्या बँकेचं स्टेटमेंट चालतं. बिल आणि स्टेटमेंट शक्यतो गेल्या तीन महिन्यांतलं असावं. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा पत्त्यावरच: घर भाड्याचं, बिलं घरमालकाच्या किंवा जोडीदाराच्या नावावर. अशा वेळी निदान एक बिल स्वतःच्या नावावर करून घ्या. नावही पासपोर्टवर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव एका कागदावर आणि दुसऱ्यावर नाही, असं झालं की ऑनलाइन पडताळणी अडते.

अर्जात नॅशनल इन्शुरन्स नंबर (कर आणि सामाजिक विम्याच्या नोंदीचा क्रमांक) आणि तुम्ही कोणकोणत्या देशांचे करनिवासी आहात हेही विचारतात. भारतातही करनिवासी असाल तर तिथला पॅन हाताशी ठेवा. खातं बचतीचं असल्याने कर्जासारखी पतपात्रता बघत नाहीत, ओळख तेवढी तपासतात.

पैसे भरण्याची व्यवस्था

करंट अकाउंटवरून स्टँडिंग ऑर्डर (ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम आपोआप पाठवण्याची सूचना) लावा, पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची. महिन्याच्या शेवटच्या तारखेची मात्र लावू नका. ती तारीख शनिवार-रविवारी आली की पैसे पुढच्या कामाच्या दिवशी जातात, म्हणजे पुढच्या महिन्यात. मग एक महिना कोरा आणि त्याच्या पुढच्यात दोन हप्ते. मासिक मर्यादा ओलांडली गेली तर दुसरा हप्ता परत येतो. राहून गेलेली रक्कम नंतर भरू देणाऱ्या बँका आहेत, पण सगळ्या नव्हेत.

व्याजाबद्दल पुष्कळांचा हिरमोड होतो, म्हणून हिशेब आधीच बघू. समजा दर ७ टक्के आणि महिन्याला २०० पौंड. वर्षभरात २,४०० पौंड भरले, तर व्याज १६८ पौंड मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात मिळतात साधारण ९१. पहिला हप्ता बारा महिने खात्यात असतो, शेवटचा एकच महिना, त्यामुळे सरासरीने पैसा साडेसहा महिनेच व्याज कमावतो. यात बँकेची लबाडी नाही. मात्र २,४०० पौंड आधीच जवळ असतील तर ते घरात किंवा बिनव्याजी खात्यात ठेवून इथे महिन्यामहिन्याला भरू नका. तोवर ते चांगल्या दराच्या साध्या बचत खात्यात राहू द्या.

कराची चिंता सहसा नाही. मूळ दराने कर भरणाऱ्याला वर्षाला १,००० पौंडांपर्यंतचं व्याज करमुक्त असतं, त्यावरच्या दराच्या करदात्याला ५०० पर्यंतचं. सर्वांत वरच्या दराच्या करदात्याला ही सवलत नाही.

भिशी, सेव्हिंग क्लब आणि क्रेडिट युनियन

नाताळसाठी हॅम्पर (खाद्यपदार्थांच्या भेट-टोपल्या) आणि व्हाउचरचे क्लबही असतात, त्यांत वर्षभर हप्ते भरायचे. तिथे व्याज नसतं, पण ती गौण गोष्ट आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये असा क्लब चालवणारी फेअरपॅक ही कंपनी नाताळाच्या तोंडावर बुडाली आणि वर्षभर हप्ते भरणाऱ्या लाखाहून अधिक कुटुंबांचे पैसे अडकले. बँका, बिल्डिंग सोसायट्या आणि क्रेडिट युनियन (आपल्या पतसंस्थेसारख्या सभासदांच्या संस्था) यांतल्या ठेवींना एफएससीएस या भरपाई योजनेचं संरक्षण आहे, म्हणजे संस्था बुडाली तरी ठरावीक मर्यादेपर्यंतचे पैसे परत मिळतात. १ डिसेंबर २०२५ पासून त्याची मर्यादा प्रत्येक व्यक्तीला प्रत्येक परवानाधारक संस्थेमागे १,२०,००० पौंड झाली, त्याआधी ती ८५,००० होती. क्लबला असं संरक्षण नाही, ओळखीतल्या भिशीलाही नाही.

हात आखडता ठेवणं जमत नसेल तर क्रेडिट युनियनचं ख्रिसमस खातं बघा. काही युनियन ते पैसे नोव्हेंबरपर्यंत काढूच देत नाहीत. सभासद होण्यासाठी बहुधा त्या भागात राहणं किंवा काम करणं पुरतं, काही ठिकाणी हप्ता पगारातूनच कापून जातो. व्याज जेमतेम असतं.

मुदत संपली की रेग्युलर सेव्हरमधले पैसे बहुधा आपोआप साध्या बचत खात्यात वळतात आणि तिथला दर बराच कमी असतो. बँक आधी कळवते. सणापुरते काढून घ्या, आणि त्याच आठवड्यात नवं खातं उघडलंत तर तेही पुढच्या नाताळाआधी पूर्ण होईल.