ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा : उपचार आणि फलानुमान

लाळग्रंथींचा एक विरळा कर्करोग. लाळग्रंथींच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा साधारण १० ते २५ टक्के असतो. टाळूतल्या बारीक ग्रंथी, जबड्याखालची ग्रंथी आणि कानापुढची ग्रंथी ही त्याची नेहमीची ठिकाणे. गाठ सावकाश वाढते, बरेचदा दुखतही नाही. त्यामुळे निदानाला उशीर होतो.

मज्जातंतूच्या कडेकडेने सरकत जाण्याची खोड ही या रोगाची खरी ओळख. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे पुंजके चाळणीसारखे भोकाभोकांचे दिसतात आणि मधल्या एखाद्या मज्जातंतूला त्यांनी वेढा घातलेला असतो. जिभेच्या एका कडेला मुंग्या येणे किंवा गाल बधिर होणे म्हणूनच हलक्यात घेऊ नये. टाळूतला रोग याच वाटेने कवटीच्या तळापर्यंत पोचू शकतो.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया. कापलेल्या कडा रोगमुक्त मिळाव्यात असा प्रयत्न असतो, पण मज्जातंतूतला रोग डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर बहुधा किरणोपचार देतात, सहसा ६० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) किंवा अधिक. त्याने त्याच जागी रोग उलटण्याचा धोका कमी होतो. गाठ काढता येण्याजोगी नसेल तेथे काही मोजक्या केंद्रांत कार्बन आयनांचा (विद्युतभारित कार्बन अणूंच्या झोताचा) किरणोपचार वापरतात. केमोथेरपीचा उपयोग बेताचाच. गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या लेन्व्हॅटिनिबसारख्या औषधांनी काहींचा रोग थोपतो, गाठी आक्रसतात मात्र थोड्यांच्याच.

फलानुमान, म्हणजे रोग पुढे कसा वळेल याचा अंदाज, सांगताना येथे फार जपावे लागते. पाच वर्षांनी सुमारे ७० ते ८० टक्के रुग्ण हयात असतात, पण पंधरा वर्षांनी हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास येते. ‘पाच वर्षे निघाली, आता सुटलो’ हा हिशेब या रोगाला लागू पडत नाही, आणि रुग्णाला ते पहिल्यापासून समजावून सांगायला हवे. पेशींची रचना चाळणीसारखी नसून भरीव असेल, कडांवर रोग उरला असेल किंवा पेशींच्या वाढीशी निगडित नॉच-१ जनुकात उत्परिवर्तन (बदल) असेल, तर धोका वाढतो.

दूरवर पसरताना रोग बहुतेक वेळा फुप्फुसांत जातो. मानेतल्या लसिका गाठींत त्या मानाने कमी. मात्र फुप्फुसांत गाठी दिसल्या म्हणजे सगळे संपले असे नव्हे. त्या कित्येकदा अतिशय मंद वाढतात. श्वासाचा त्रास नसेल तर डॉक्टर औषध न देता काही महिन्यांच्या अंतराने छातीचा सीटी स्कॅन काढून नुसते लक्ष ठेवतात, आणि असे रुग्ण वर्षानुवर्षे आपापली कामे करीत राहतात. यकृत किंवा हाडांत पसरलेला रोग मात्र बहुधा इतकी सवड देत नाही.