हवाई अंतर वेगळं, रस्त्याचं अंतर वेगळं

ठाण्यात मानपाड्याला आमच्या गच्चीवर उभं राहिलं की समोर येऊरचा डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडे बोरिवली. पुतणीने एकदा नकाशावर पट्टी ठेवली आणि विचारलं, "काका, आजीचं घर एवढंसंच लांब आहे, मग जायला सव्वा तास का लागतो?"

तिने मोजलं ते हवाई अंतर, म्हणजे दोन ठिकाणांमधली सरळ रेषा. या रेषेला डोंगर, खाडी, सिग्नल काहीच आडवं येत नाही. मानपाडा ते बोरिवलीतलं मागाठाणे अशी रेषा ओढली तर साधारण १०-११ किलोमीटर भरते. गाडीला मात्र राष्ट्रीय उद्यानाला वळसा घालून, घोडबंदर रोडने, गायमुखचा घाट चढून जावं लागतं, आणि आकडा २० च्या वर जातो. याच डोंगराखालून ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम सुरू आहे. त्या मार्गाची लांबी ११.८ किलोमीटर, म्हणजे पट्टीच्या रेषेच्या अगदी जवळ.

लांबच्या गावाला उलट होतं. ठाणे-नागपूर हवाई अंतर ६७० किलोमीटरच्या आसपास आहे. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर. आमण्यापर्यंतचा तुकडा धरला तरी फरक जेमतेम दहा टक्क्यांचा. शेजारचं बोरिवली दुप्पट लांब पडतं आणि नागपूर जवळपास नाकासमोर, हे मला अजून नवलाचं वाटतं.

आता वेळ. इथे लोक जास्त फसतात, कारण हवाई अंतर म्हणजे विमानाने कापलेलं अंतर असं धरून चालतात. मुंबईहून विमानं बहुतेक वेळा पश्चिमेकडे, समुद्रावर झेपावतात. नागपूरला जायचं असलं तरी आधी अरबी समुद्र, मग वळून पूर्वेला. खिडकीतून जुहूचा किनारा मागे जाताना बघा, आपण नागपूरच्या उलट दिशेला चाललेलो असतो. शिवाय तिकिटावरचा दीड तास हा विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर लागेपर्यंतचा. धावपट्टीकडे सरकणं, रांगेत थांबणं सगळं त्यातच.

आमच्या दारापासून मोजलं तर विमानतळ गाठायला तास-सव्वा तास, तिथे दोन तास आधी पोचायचं, दीड तासाचं विमान, उतरल्यावर बॅग आणि टॅक्सीत पाऊण तास. झाले साडेपाच तास. समृद्धीने जेवण-चहा धरून दहा. आकाशात सहा-सातपट वाटणारी आघाडी दारापाशी दुपटीवर येते.

घर बघताना हा फरक पैशाचा होतो. भावाने नवी मुंबई विमानतळाजवळच्या उलव्यात फ्लॅट बघितला, जाहिरातीत लिहिलेलं "विमानतळ ३ किलोमीटर". आम्ही ट्रिप मीटर शून्यावर करून निघालो. धावपट्टीचं कुंपण खरंच जवळ होतं, पण प्रवासी आत जातात ते दार फिरून दुसऱ्या बाजूला. मीटरवर ८ भरले. भावाने बिल्डरच्या माणसाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आम्ही हवाई अंतर सांगतो, साहेब." भावाने बयाणा दिला नाही. पुढच्या प्रत्येक फ्लॅटला आम्ही दोनदा गेलो, एकदा रविवारी आणि एकदा सोमवारी सकाळी नऊला.