अकरावीतलं फ्रेंच आणि विद्यापीठातलं फ्रेंच

ठाणे-नवी मुंबईत बऱ्याच मुलांची फ्रेंचशी गाठ पडते ती अकरावीच्या अ‍ॅडमिशनच्या दिवसांत. सेकंड लँग्वेज निवडायची वेळ येते आणि "फ्रेंच घे, स्कोअरिंग आहे" असं घरातलं कोणी ना कोणी सांगतंच. काही मुलं शाळेपासूनच क्रियापदांची रूपं घोकत आलेली असतात. बारावीला चांगले मार्क पडतात आणि वही माळ्यावर जाते. मोजकी मुलं पुढे बी.ए.ला फ्रेंच घेतात. त्यांतलीही थोडीच एम.ए.साठी कुर्ल्याला उतरून मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलाची वाट धरतात. तिथे त्यांना जे वाचायला मिळतं त्याचा आयफेल टॉवर आणि कॅफेतल्या संवादांच्या धड्यांशी फारसा संबंध उरत नाही. हा फरक कुठून आला, हे पाहण्यासारखं आहे.

फ्रेंच शिकवणारी आलियाँस फ्राँसेज ही संस्था 1883 मध्ये पॅरिसला सुरू झाली आणि 1938 मध्ये तिने मुंबईत पाऊल ठेवलं. तेव्हा फ्रेंच शिकायचं म्हणजे फ्रान्स शिकायचं, हे गृहीतच होतं. जुनी नाटकं, एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या, काटेकोर व्याकरण आणि पॅरिसचे उच्चार. भारतातही फ्रेंच सत्तेच्या वसाहती होत्या. पाँडिचेरीचा कारभार 1954 मध्ये भारताकडे आला आणि कायदेशीर हस्तांतरण 1962 मध्ये पुरं झालं. पण मुंबईतल्या वर्गात नजर पॅरिसवरच असायची.

खरा बदल आफ्रिकेतून आला. 1960 या एकाच वर्षात तिथल्या फ्रेंच अंमलाखालच्या 14 प्रदेशांना स्वातंत्र्य मिळालं. राज्यकर्ते गेले, भाषा राहिली. 20 मार्च 1970 रोजी नायजरची राजधानी नियामे इथे फ्रेंचभाषक देशांची संघटना उभी राहिली. तिच्यासाठी झटणाऱ्यांत सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष सेंघोर आणि ट्युनिशियाचे बुर्गिबा होते, म्हणजे पूर्वीच्या वसाहतींचेच नेते. त्याआधी, 1930 च्या दशकात, हेच सेंघोर, कॅरिबियन बेट मार्टिनिकचे एमे सेझेर आणि फ्रेंच गयानाचे दामास हे तिघे कवी पॅरिसमध्ये शिकत होते. काळ्या माणसाच्या अपमानाचा जाब त्यांनी फ्रेंच भाषेतच विचारला. ज्याने मराठी दलित कविता मनापासून वाचली आहे, त्याला ही चळवळ परकी वाटणार नाही. आपल्या विद्यार्थ्याची ही मोठी जमेची बाजू आहे आणि वर्गात तिचा उपयोग व्हायला हवा.

मॉरिशसची गोष्ट तर थेट आपल्याच माणसांची आहे. 1715 मध्ये हे बेट फ्रेंचांनी घेतलं. 1810 मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं, पण रहिवाशांचा धर्म, कायदे आणि चालीरीती राखायचं वचन देऊन. त्यामुळे सत्ता इंग्रजांची आणि बोली फ्रेंच वळणाची, असा प्रकार झाला. गुलामगिरी संपत आली तशी उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. 1834 पासून हिंदुस्तानातून करारावर माणसं नेली जाऊ लागली. त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले, रत्नागिरीकडचे लोकही होते. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर ही माणसं उतरली, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे. त्यांचे वंशज आज फ्रेंचमधून घडलेली क्रिओल बोलतात, फ्रेंच वर्तमानपत्रं वाचतात आणि गणपतीही बसवतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. माझ्या मते मराठी मुलासाठी फ्रेंचभाषक जगाची ओळख इथूनच सुरू व्हावी, पॅरिसचा नंबर नंतर लागला तरी चालेल.

अलीकडे ओढ आहे ती नोकरीची आणि कॅनडाची. तिथल्या क्वेबेक प्रांताने 1977 च्या कायद्याने फ्रेंचला कामकाजाची आणि शाळांची भाषा केलं. 2023 पासून कॅनडाचं सरकार स्थलांतरितांच्या निवडीत फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्याही काढतं. म्हणून तिशीतली नोकरदार माणसंही संध्याकाळी क्लासला बसलेली दिसतात. ऐरोलीत कॅपजेमिनी या मूळच्या फ्रेंच कंपनीचं मोठं आवार आहे. न्हावा शेवाकडे जाणाऱ्या ट्रेलरांवर निळ्या कंटेनरवर सीएमए सीजीएम अशी पांढरी अक्षरं दिसतात, ती फ्रान्समधल्या मार्सेयची जहाज कंपनी. पोटापाण्यासाठी भाषा शिकण्यात काहीच गैर नाही. फक्त परीक्षेची पातळी गाठली की शिकणं थांबतं, आणि सेझेर किंवा मॉरिशस वाट्यालाच येत नाहीत.

मराठी सोडून फ्रेंच, हा हिशेबही आता बदलतो आहे. राज्याने 2020 मध्ये कायदा करून सर्व बोर्डांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची केली आणि त्याच शैक्षणिक वर्षात पहिली व सहावीपासून सुरुवात ठरवली. तेव्हा सहावीत असलेली तुकडी 2025-26 मध्ये अकरावीत पोचली. त्यातल्या ज्यांनी फ्रेंच घेतलं असेल, त्यांच्या दप्तरात आधीची पाच वर्षं मराठीचं पुस्तक होतं. फ्रेंचमधलं साहित्य इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय थेट मराठीत आणणारे अनुवादक याच मुलांतून घडू शकतात, आणि विद्यापीठाने त्यांच्यासाठी अनुवादाचा स्वतंत्र पेपर ठेवावा.