मुरमांच्या चेहऱ्यासाठी फेशियल की पील?

चेहऱ्यावर मुरमे येणाऱ्या मुलीला घरातून बहुधा "एकदा चांगले फेशियल करून घे" असा सल्ला मिळतो आणि फोनवरच्या जाहिराती तिला पील, म्हणजे आम्लाच्या द्रावणाने त्वचेचा वरचा थर सोलण्याचा उपचार, करून घ्यायला सांगत असतात. पार्लरच्या दरपत्रकावर 'फ्रूट पील फेशियल' आणि क्लिनिकच्या दरपत्रकावर 'मेडिफेशियल' अशी नावे असल्यामुळे, हे दोन्ही एकाच उपचाराचे स्वस्त आणि महाग प्रकार असावेत असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्वचेच्या आत त्यांचे काम वेगवेगळे चालते, आणि लाल, दुखऱ्या मुरमांच्या चेहऱ्यावर तर एकाने त्रास कमी होण्याची आणि दुसऱ्याने तो वाढण्याची शक्यता असते.

हा फरक कळण्यासाठी मुरूम कसा तयार होतो हे आधी पाहावे लागते. केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतून सीबम नावाचा तेलकट स्राव बाहेर येत असतो. छिद्राच्या आतल्या अस्तरातील मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटल्या, की त्या सीबममध्ये मिसळून छिद्रात बूच बसते. या बुचाचे तोंड उघडे असेल तर ब्लॅकहेड दिसतो आणि त्वचेने झाकलेले असेल तर व्हाइटहेड. ब्लॅकहेडचा काळेपणा मेलॅनिन या त्वचेच्या रंगद्रव्यामुळे आणि हवेशी आलेल्या संपर्कामुळे येतो. तो मळ नसतो, म्हणून कितीही घासले तरी तो धुऊन निघत नाही. बुचामागे साचलेल्या सीबमवर क्यूटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे जिवाणू वाढतात, दाह सुरू होतो आणि लाल पुळी, पू किंवा खोल गाठ होते.

पार्लरमधील फेशियलमध्ये क्लिन्झिंग, स्क्रब, क्रीमने मसाज, वाफ, ब्लॅकहेड काढणे आणि शेवटी पॅक असा साधारण क्रम असतो. मसाजमुळे चेहऱ्याचा रक्तप्रवाह वाढतो आणि वाफेमुळे त्वचेचा वरचा थर पाणी शोषून थोडा फुगतो, त्यामुळे उठल्यावर चेहरा उजळ, भरलेला आणि गुळगुळीत दिसतो. मुरमे नसलेल्या त्वचेसाठी हा अनुभव सुखाचा आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र वाफेने छिद्रे 'उघडतात' हे खरे नव्हे, कारण छिद्रांची उघडझाप करणारा स्नायूच त्वचेत नसतो; वाफेने फक्त वरचा थर आणि बुचाचा वरचा भाग मऊ होतो.

मुरमांच्या त्वचेवर सर्वांत अधिक नुकसान करणारी पायरी मसाजची आहे. दाह झालेल्या छिद्राची आतली भिंत आधीच कमकुवत असते. तिच्यावर बोटांचा दाब देत हनुवटीपासून कानापर्यंत पुन:पुन्हा हात फिरवला, की ती आतल्या बाजूने फुटू शकते आणि सीबम, मृत पेशी व जिवाणू आसपासच्या त्वचेत पसरतात. शिवाय मसाजचे जड, तेलकट क्रीम नवी छिद्रे बुजवते ते वेगळेच. याचा परिणाम लगेच दिसत नाही. फेशियलनंतर काही आठवड्यांनी गालांवर आणि जबड्याच्या रेषेत खोल, दुखऱ्या गाठी येतात, असे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलेले आहे. मधल्या काळात फेशियल विसरलेले असते, त्यामुळे दोष पाळीला, उन्हाळ्याला किंवा आंब्यांना दिला जातो आणि उपाय म्हणून पुन्हा फेशियलच केले जाते. हे चक्र तोडणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चेहऱ्यावर लाल किंवा पू असलेली मुरमे असताना मसाज आणि दाणेदार स्क्रब दोन्ही टाळावेत, पार्लर कितीही चांगले असले तरी. चेहऱ्यावर फक्त थोडे ब्लॅकहेड असतील, तर मसाजशिवाय केलेले साधे क्लीन-अप बहुतेकांना चालते, मात्र साधने निर्जंतुक हवीत.

त्वचारोगतज्ज्ञांकडील पीलमध्ये मसाज नसतो. मुरमांसाठी बहुतेक वेळा सॅलिसिलिक आम्लाचे २० ते ३० टक्के द्रावण वापरतात. दुकानात मिळणाऱ्या फेसवॉशमध्ये हेच आम्ल साधारण २ टक्क्यांपर्यंत असते. हे आम्ल तेलात विरघळणारे असल्यामुळे सीबमने भरलेल्या छिद्रात उतरते आणि मृत पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करते, म्हणजे मूळ बुचावरच काम करते. त्याचबरोबर ते दाहही काही प्रमाणात कमी करते. चेहरा स्पिरिटने किंवा अ‍ॅसिटोनने पुसून तेल काढतात, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठ यांना व्हॅसलीन लावतात आणि मग द्रावणाचा पातळ थर देतात. मिनिटभर चांगलीच चुरचुर होते, पंख्याचा वारा घेतल्यावर ती उतरते, आणि चेहऱ्यावर पांढरी पूड धरल्यासारखी दिसते. ती पूड म्हणजे सुकलेल्या आम्लाचे स्फटिक असतात. त्वचा जळाल्याची ती खूण नव्हे. काही मिनिटांनी चेहरा पाण्याने धुतात. ग्लायकोलिक आम्लाचे पील मात्र वेळ मोजून थांबवावे लागते, नाहीतर ते खोल जात राहते. पुढचे काही दिवस त्वचा कोरडी पडून बारीक पापुद्रे निघतात आणि ते ओढून काढायचे नसतात.

एका पीलने मुरमे जात नाहीत. साधारण दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने काही बैठका कराव्या लागतात, आणि तरीही पील हा पूरक उपचारच राहतो. मुख्य भार अ‍ॅडापालीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड यांसारख्या रोज लावायच्या औषधांवर असतो आणि त्यांचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. नुसत्या पीलचे पॅकेज विकणाऱ्या आणि रोजच्या औषधाबद्दल अवाक्षरही न काढणाऱ्या क्लिनिकपासून त्यामुळेच सावध राहावे.

पीलचे धोकेही खरे आहेत. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला थोडीशी भाजणूक झाली तरी महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग पडू शकतात, म्हणून आधी काही आठवडे त्वचेची तयारी करून घेणे आणि नंतर न चुकता सनस्क्रीन लावणे हे उपचाराचेच भाग आहेत. गरोदर असल्यास, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असल्यास, ओठांवर तापाचे फोड (हर्पिस) उठलेले असल्यास किंवा मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. तीस टक्के आम्लाच्या बाटल्या ऑनलाइन मिळतात, परंतु त्या घरी आरशासमोर लावणे धोक्याचे आहे. पार्लरमध्ये कोणी खरे रासायनिक पील लावू पाहत असेल, तर स्पष्ट नकार द्यावा.

लग्न ठरलेल्या मुलामुलींनी वेळेचे गणित विशेष सांभाळावे. पंधरा दिवसांवर मुहूर्त असताना पहिले पील किंवा पहिले फेशियल, दोन्ही करू नये. उपचार तीन-चार महिने आधी सुरू करून शेवटचे पील मुहूर्ताच्या किमान महिनाभर आधी उरकावे, म्हणजे हळद सोललेल्या त्वचेवर लागणार नाही.